चाळीसच्या रस्त्यावर एकसष्ट

मी गाडी हळू चालवतो, एवढी एकच गोष्ट माझ्याबद्दल आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझं आडनाव विचारलंत तर लोक डोकं खाजवतील, पण 'गोगलगाय कुठे राहते?' म्हटलंत तर इस्त्रीवाला इस्त्री खाली ठेवून माझ्या दाराकडे बोट दाखवेल. गोगलगाय हे गाडीचं नाव की माझं, याचा खुलासा मी कधी मागितला नाही. काही नोंदी मोघम राहिलेल्याच बऱ्या.

त्यामुळे वाहतूक कार्यालयाचा लिफाफा आला तेव्हा मला वाटलं, आपल्या अर्जाचं उत्तर आलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे वाचनालय. माझी आई रोज दुपारी पुस्तक बदलायला तिथे जायची. मग एके दिवशी एका स्कूटरने तिची पिशवी हातातून उडवली. पिशवी एकीकडे, पुस्तक दुसरीकडे, आई मधोमध. लागलं काही नाही. पण तेव्हापासून तिने जाणं बंद केलं. विचारलं तर म्हणते, "वाचून वाचून कंटाळा आला रे." आणि दुपारभर वर्तमानपत्रातल्या निविदा वाचत बसते. कंटाळा आलेलं माणूस सांडपाण्याच्या पाइपांच्या निविदा वाचत नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी त्या जागी झेब्रा क्रॉसिंग आणि गतिरोधक मिळावा असा अर्ज केला होता. अर्ज माणूस असता तर एव्हाना त्याला मिसरूड फुटलं असतं.

लिफाफ्यात अर्जाचं उत्तर नव्हतं. नोटीस होती. माझ्या गाडीने त्याच रस्त्यावर, चाळीसची मर्यादा असताना, ताशी एकसष्टचा वेग घेतला होता. खाली एक धुरकट फोटो. त्यात माझी नंबरप्लेट आणि आजूबाजूला सगळं अस्पष्ट. तारीख होती, रस्ता होता, वेग होता, आणखीही काही बारीक अक्षरांत होतं. पण माझे डोळे एकसष्टवरून हलेनात.

"काय आहे?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"विशेष काही नाही. मी एकसष्टने गाडी चालवली म्हणतात."

ती हात पुसत बाहेर आली. नोटीस वाचली, माझ्याकडे पाहिलं, परत नोटीस वाचली. "तुम्ही?"

"मग काय इस्त्रीवाला?"

"एकसष्ट? तेवढे आकडे आहेत आपल्या गाडीत?"

आतून आईचा आवाज आला. "उतार होता का रे?"

घरच्या माणसांकडून माणसाला किती पाठबळ मिळावं याला काही मर्यादा असते, आणि ती आमच्याकडे चाळीसच्या बरीच खाली आहे.

पण तारीख पाहिली आणि मला आठवलं. तो रविवार. बायकोच्या मावसभावाने नवीन घर घेतलं होतं, दुपारी जेवायला बोलावलं होतं. भेटवस्तू बांधण्यात उशीर झाला, कारण चिकटपट्टीचं टोक सापडेना. त्या दिवशी मी खरोखरच जरा जोरात गाडी काढली होती. एका सायकलवाल्याला मागे टाकलं होतं. बायकोने दाराचं हँडल धरलं होतं आणि "आज काय अंगात आलंय तुमच्या?" असंही म्हणाली होती. परतताना गाडी सुरूच होईना, म्हणून आम्ही टॅक्सीने घरी आलो आणि गाडी गॅरेजवाल्याने त्याच्या टोइंगच्या गाडीला लटकवून आणली, ते सोडा. त्या गॅरेजवाल्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीची घाई असते, फक्त गाडी दुरुस्त करण्याची सोडून. पण जातानाचा प्रवास तेजस्वी झाला होता, यात शंका नाही.

मी एका कागदाच्या कंपनीत हिशेब तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. कुणी एखाद्या बिलावर तारीख टाकली आणि वेळ टाकली नाही, तर मी त्याला दोन मजले उतरायला लावतो. त्याच मी ती नोटीस घडी घालून खिशात ठेवली आणि आरशासमोर जाऊन उभा राहिलो. एकसष्ट! मनात कुठेतरी, अगदी आतल्या कप्प्यात, बरं वाटत होतं.

शेजारच्या सरांना सांगायचं नाही असं ठरलं होतं. सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, झेब्राच्या अर्जावर माझ्या खाली सही करणारे. पण बायकोने त्यांच्या सौभाग्यवतींना 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगितलं, आणि संध्याकाळी सर छडीसारखी छत्री हलवत दारात हजर.

"बसा सर."

"बसायला नाही आलो. सरळ विचारतो. केलंत की नाही?"

"तसं दिसतंय."

"दिसतंय तिकडे जाऊ द्या. कबूल करू नका. आयुष्यभर मुलांना हेच सांगत आलो."

"कबूल करू नका असं?"

"नाही हो, खरं बोला असं. पण ती शाळा होती." सर बसले. "आता पाहा. झेब्रा मागणारा आपला माणूस, आणि त्याच रस्त्यावर भरधाव जाणाराही आपलाच माणूस. कार्यालयातले लोक हसतील की नाही? मी खाली सही केलेली आहे, मला तोंड दाखवायला जागा नको?" चहा घेतल्यावर ते जरा सौम्य झाले. दाराशी जाऊन हळूच म्हणाले, "पण एकसष्ट म्हणजे... स्टिअरिंग थरथरतं का हो?"

दुसऱ्या दिवसापासून गल्ली माझ्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागली. इस्त्रीवाल्याने माझे शर्ट आधी दिले. कचऱ्याच्या डब्यावरून माझ्याशी कायम भांडणारे खालच्या मजल्यावरचे गृहस्थ मला पाहून बाजूला झाले. ऑफिसातही बातमी कशी पोचली देव जाणे. विक्री विभागातली मंडळी, जी मला 'जपून हं साहेब, जिना आहे' असं म्हणायची, ती आता विचारू लागली, "साहेब, वळणावर पण तेवढाच ठेवता का?" मी फक्त चष्मा वर सरकवायचो. त्याच आठवड्यात मी काळा चष्मा घेतला. बायको म्हणाली, "डोळे आलेत का?" तिला सोडून बाकी सगळ्यांवर परिणाम चांगला होता.

नोटिशीत दोन वाटा दिल्या होत्या. दंड भरा आणि परवान्यावर शेरा घ्या, किंवा एका शनिवारी वेग जागृती वर्गाला बसा. मी चौकशीला वाहतूक कार्यालयात गेलो. काचेच्या खिडकीमागे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे शिक्के इतके होते की हात ठेवायला टेबलावर जागा नव्हती, त्यामुळे ते हात उचलून बोलत.

"नोटीस क्रमांक सांगा." मी सांगितला. "आणि हे नाव... झेब्राचा अर्ज तुमचाच?"

"हो."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि नवराबायकोचा फोटो पाहावा तसे पाहिले. "वा."

"त्याचं असं झालं..."

"आम्हाला काही नाही हो. नियम सांगतो. तुमचा अर्ज रस्ता समितीच्या बैठकीत यायचाय, येत्या बुधवारी. पण अर्जदाराचं कार्यालयाकडे काही प्रलंबित असेल तर अर्ज बैठकीपुढे जात नाही. नोटीस निकाली काढा. शनिवारी वर्ग करा, प्रमाणपत्र आणा, मी अर्ज पुढे सरकवतो."

"आणि नाही जमलं तर?"

"मग पुढची बैठक."

"ती कधी?"

त्यांनी हात आणखी वर उचलले. ते उत्तर होतं की अडचण, हे मला ठरवता आलं नाही.

घरी आईला सांगितलं, "बुधवारी तुझा झेब्रा होतोय." ती म्हणाली, "माझा कशाला? मला कुठे जायचंय?" आणि निविदांचं पान उलटलं. पण संध्याकाळी पाहतो तर वाचनालयाचं कार्ड तिच्या उशीजवळ होतं. तेव्हाच मी ठरवलं, शनिवार चुकवायचा नाही.

शनिवारी वेग जागृती वर्गाला वेगात जाऊन चालणार नव्हतं, हे उघड होतं. रस्त्यावर जागोजागी कॅमेरे आहेत आणि मी आता त्यांच्या ओळखीचा. म्हणून मी इतक्या जपून गाडी चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकले आणि शेवटी गप्प बसले. परिणामी मी पोचलो तेव्हा वर्ग सुरू व्हायच्या बेतात होता आणि पहारेकरी दार लावत होता.

"थांबा, थांबा! मला आत जायचंय!"

"उशीर केलात साहेब," तो म्हणाला. "जरा भरभर यायचं."

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे.

वर्ग म्हणजे वाहतूक कार्यालयातल्याच लांब कॉरिडॉरच्या टोकाची एक खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर पडदा. शिकवायला एक मॅडम होत्या. शांत आवाज, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आमच्याकडे पाहण्याची पद्धत अशी, की आम्ही सगळे नुकतेच चिखलातून खेळून आलो आहोत आणि त्यांना रागवायचं नाही आहे. माझ्या एका बाजूला दाताचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला केक बनवून घरोघरी पोचवणाऱ्या एक बाई.

"का जोरात जात होतात, एकेकाने सांगा," मॅडम म्हणाल्या.

"पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसला होता," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही येण्याआधीच?"

"मी जेवायला घरी गेलो होतो."

केकवाल्या बाईंचं म्हणणं, क्रीम कुणाची वाट पाहत नाही. "आणि समजा तुम्ही ब्रेक मारलात," मॅडमनी विचारलं, "तर केकचं काय होतं?" बाई गंभीर झाल्या. "एकदा मी 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' डॅशबोर्डवर वाचल्या आहेत."

माझी पाळी आली. "जेवायला उशीर झाला होता," मी म्हणालो, आणि मग, कारण डॉक्टर माझ्याकडे आदराने पाहत होते, भर घातली, "शिवाय रस्ता मोकळा होता. माणसाला कधीकधी मोह होतो."

"किती होता वेग?"

"एकसष्ट." खोलीत कुजबुज झाली. डॉक्टर फक्त बावन्नवर आले होते.

मग मॅडमनी आम्हाला गणित घातलं. त्या रस्त्यावर चाळीसऐवजी एकसष्टने गेलं तर किती वेळ वाचतो? गणित म्हटल्यावर मी सगळ्यांच्या आधी केलं. उत्तर पाहून मी ते पुन्हा केलं. बुटाची नाडी बांधायला लागतो तेवढा वेळ वाचत होता, तोही नाडी सवयीची असेल तर. त्या नाडीपायी आम्ही सगळे अख्खा शनिवार प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. हिशेबात इतका वाईट व्यवहार मी आमच्या कंपनीतसुद्धा पाहिलेला नाही.

त्यानंतर त्या आम्हाला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेल्या. पावलं मोजत गेल्या आणि एका फरशीवर खडूने रेघ मारली. "चाळीसवर असलात आणि ब्रेक दाबलात, तर गाडी इथे थांबते." मग चालत राहिल्या. चालतच राहिल्या. कॉरिडॉरच्या पार टोकाशी दुसरी रेघ. "साठवर असलात तर इथे." मग त्यांनी आमच्यातलीच एक खुर्ची उचलली आणि दोन रेघांच्या मध्ये ठेवली. "हे कुणीतरी आहे. रस्ता ओलांडतंय."

केकवाल्या बाईंनी पर्स पोटाशी धरली. मी खुर्चीकडे पाहत होतो, आणि मला तिथे आई दिसत होती. हातात पिशवी, चष्मा नाकाच्या टोकावर, आधी उजवीकडे बघते, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. मी खिशातला काळा चष्मा आणखी आत ढकलला. इतके दिवस मी काय मिरवत होतो, ते त्या खुर्चीपाशी मला नीट कळलं.

आत आल्यावर मॅडमनी पडदा सुरू केला. "आता कॅमेऱ्यांनी टिपलेले तुमचेच फोटो पाहू. नोटिशीवर कापलेला तुकडा असतो, हा पूर्ण आहे." डॉक्टरांची गाडी आली. केकची व्हॅन आली. मग माझी नंबरप्लेट आली.

सगळे खुर्च्यांवर पुढे झुकले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, यांची पुढची चाकं हवेत आहेत!"

खरंच हवेत होती. माझी गाडी, म्हणजे गोगलगाय, नाक आभाळाकडे करून, मागच्या दोन चाकांवर, संध्याकाळच्या उजेडात चालली होती. तिच्यापुढे आकडा, आकड्यापुढे साखळी, साखळीपुढे गॅरेजवाल्याची टोइंगची गाडी. चालकाच्या जागी कुणी नव्हतं. असणार कसं? चालक त्या वेळी टॅक्सीत बसून चिकटपट्टीबद्दल ऐकून घेत होता.

मी नोटीस काढली. बारीक अक्षरांत वेळ होती. संध्याकाळची. आम्ही जेवायला दुपारी गेलो होतो.

आधी डॉक्टर हसले. मग केकवाल्या बाई. मग सगळे. मॅडमनी ओठ घट्ट मिटले होते, पण खांदे हलत होते. "म्हणजे," त्या महत्प्रयासाने म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा तुमची गाडी वेगात गेली..."

"...तेव्हा ती बंद होती," डॉक्टरांनी पूर्ण केलं.

माझी अब्रू त्या दिवशी दुहेरी गेली. दोषी होतो तेव्हा मान होता. निर्दोष ठरलो आणि हसू झालं.

मॅडम सज्जन होत्या. वर्ग संपल्यावर मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. "यांची नोटीस चुकीची आहे. यांची हरकत नोंदवून घ्या." शिक्केवाल्या गृहस्थांनी फोटो आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. "अगदी उघड आहे," ते म्हणाले. "हरकत लिहा. मुख्य कार्यालयात जाईल, सुनावणी होईल, तुम्ही निर्दोष सुटाल. शंभर टक्के."

"आणि माझा झेब्रा?"

"हरकत घेतलीत की प्रकरण वादग्रस्त. वाद कार्यालयाशी, म्हणजे प्रलंबित. प्रलंबित, म्हणजे बुधवारच्या बैठकीत नाही."

"पण मी तर निर्दोष आहे!"

"म्हणूनच ना," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "दोषी असतात ते सही करून सुटतात. निर्दोष माणसाला वेळ लागतो." त्यांनी एका बाजूला हरकतीचा कागद ठेवला, दुसऱ्या बाजूला वर्ग पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, ज्याच्या तळाशी 'मला माझी चूक मान्य आहे' असं छापलं होतं.

आयुष्यभर मी न जुळणाऱ्या कागदावर सही केलेली नाही. एकदा सुतळीच्या बिलासाठी मी कंपनीच्या मालकाला थांबवून ठेवलं होतं. खिडकीपाशी उभ्या उभ्या मला कॉरिडॉर दिसत होता. दोन रेघा, आणि मध्ये ती खुर्ची. अजून कुणी उचलली नव्हती.

"पेन आहे का?" मी विचारलं.

"आहे की." ते त्यांना शिक्क्यांखाली सापडलं. मॅडमनी माझ्याकडे पहिल्यांदाच, चिखलात न खेळलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

घरी मी फक्त एवढंच सांगितलं की वर्ग चांगला झाला. सरांनी प्रमाणपत्र वाचलं, "कबूल केलंत शेवटी," म्हणाले, आणि मान हलवत गेले. बुधवारी अर्ज मंजूर झाला. रंगवायला माणसं आली, पट्टे तिरके मारले, परत येऊन सरळ मारले. गतिरोधक आधी इतका उंच झाला की सरांची स्कूटर त्याच्यावर मधोमध बसली. तो तासून खाली आणला. शेवटी एका दुपारी सगळं तयार झालं आणि आई पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"चल, सोड मला पलीकडे. म्हटलं, तुझा झेब्रा एकदा बघावा."

"आता माझा झाला होय?"

आम्ही कडेला उभे राहिलो. तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. डावीकडून एक गाडी भरधाव आली, गतिरोधक पाहून तिचे ब्रेक करकचले आणि ती झेब्राच्या अलीकडे थांबली. टोइंगची गाडी. मागे आकड्याला कुणाची तरी गाडी नाक वर करून लटकलेली. खिडकीतून गॅरेजवाल्याचं डोकं बाहेर आलं.

"काका! ऐकलं मी तुमचं. एकसष्ट?" त्याने 'च्च' केलं. "या वयात कशाला एवढी घाई? हळू चालवत जा हं. रस्त्यावर लोक असतात."

माझ्या तोंडात एक संपूर्ण वाक्य तयार होतं. तपासलेलं, तारीख आणि वेळेसकट. मी आईकडे पाहिलं.

आई त्या आकड्याकडे पाहत होती. मग लटकलेल्या गाडीकडे. "अरे," ती हळूच म्हणाली, "त्या रविवारी आपली गाडी यानेच आणली होती ना? संध्याकाळी?"

"हो."

"तरीच. मी म्हटलं, तू आणि एकसष्ट? पण लोक इतक्या कौतुकाने बोलत होते, म्हटलं असू दे." तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि तू चूक मान्य करून आलास."

"बुधवारी बैठक होती," मी म्हणालो.

तिने माझा हात सोडला आणि एकटीच निघाली, पट्ट्यापट्ट्यावर नीट पाऊल ठेवत. बरोबर मधोमध पोचल्यावर, टोइंगच्या गाडीच्या नाकासमोर, ती थांबली. पिशवीतून पुस्तक काढलं, चष्मा पुसला, लावला, आणि परत करायची तारीख कोणती आहे ते शेवटच्या पानावर शोधू लागली. ती तारीख केव्हाच उलटून गेली होती, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

गॅरेजवाल्याने हॉर्नकडे हात नेला. मी रस्त्याच्या कडेवरून हात वर करून त्याला थांबायची खूण केली.

आईने पान उलटलं.